मिशीवाली सवत

बाकीच्या बायकांना सवतीची धास्ती असते ती ऐन उमेदीत. मला सवत मिळाली साठीच्या घरात, आणि तीही मिशीवाली. सुभेदार वाबळे तिचं नाव. पलटणीतून रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, बायको वारलेली, मुलगा संतोष पुण्याला नोकरीला. शेवगावात नेवासा रोडला आमच्या शेजारचा प्लॉट रिकामा पडला होता. तिथं त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि माझ्या संसारात घुसले. घुसले म्हणजे कसे, तर माझ्या उंबऱ्यावर पाय न ठेवता घुसले.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर गाडीत बोलले. 'पुढं सरका, सुट्टे काढा, मावशे, गाठोडं मांडीवर घे.' घरी आले की तोंडाला कुलूप. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत, दोनदा पडलं तरी बोलायचे नाहीत. मी म्हणायची, जाऊ दे, दिवसभर घसा फोडून येतो माणूस, रिटायर झाला की बोलेल. त्यावर भिस्त ठेवून मी कितीतरी वर्षं काढली. सासूबाईंचं काय, लेकीच्या लग्नाचं काय, मला विचारायच्या गोष्टी कमी नव्हत्या. हे रिटायर झाले, सकाळचा चहा घेऊन अंगणात बसायला लागले, एखाददुसरं वाक्य निघायला लागलं, आणि तेवढ्यात शेजारून कॉफीचा वास आला.

वास मात्र खरंच झकास होता. मी काही आंधळेपणानं नावं ठेवणारी नाही. भाजल्याचा, थोडा जळकट, थोडा गोड असा तो वास कुंपणाच्या भिंतीवरून यायचा आणि आमचे हे हातातला चहा अर्धा टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचे. एक दिवस भिंतीपलीकडून आवाज आला, "कंडक्टरसाहेब, नुसता वास घेऊन पोट भरत न्हाई. या हिकडं." हे उठले आणि गेले. तिथून पुढं रोज सकाळी जायचेच.

सुभेदारांची कॉफी म्हणजे आपली दुधात पूड ढवळून केलेली नव्हे. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. दक्षिणेत नोकरीला असताना बदली होऊन चाललेल्या कोण्या मेजरच्या बायकोनं ते त्यांना दिलं होतं. काचेचं उभट भांडं, वर झाकण, झाकणातून आत जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला गोल जाळी. भांड्यात कॉफीची भरड पूड टाकायची, वर उकळतं पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, मग दांडा हळूहळू खाली दाबायचा. चोथा तळाला, कॉफी वर. कॉलनीत सगळे त्याला सुभेदारांचं मशीन म्हणायचे.

आता कुणीही शहाणा माणूस कॉफी झाली की पिऊन मोकळा होईल. सुभेदारांचं तसं नव्हतं. कॉफी कपांत ओतायची, कपांवर बशा झाकायच्या, आणि आधी मशीन धुवायचं. ते धुऊन पुसून ठेवल्याशिवाय बशी उचलायची नाही. "आधी हत्यार, मग हवालदार," असं ते म्हणायचे. पलटणीत म्हणे रायफल साफ केल्याशिवाय ताट मिळत नसे. दुसरं त्यांचं वाक्य होतं, "घाण वाळली की मालकी सांगती." हे मात्र मला पटायचं, कारण पिठल्याच्या कढईचा अनुभव मलाही आहे. पण मी तसं कधी कबूल केलं नाही.

एवढं सगळं मला ठाऊक कसं, तर गच्चीवरून. चैत्रात मी कुरडया घालायला वर गेले आणि सहज शेजारी डोकावले. तिथं सुभेदारांच्या मागच्या ओट्यावर आमचे हे बसलेले. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून पाणी पिऊन तांब्या कधी जागेवर ठेवला नाही, तो माणूस बाह्या सरसावून मशीन खोलत होता. आधी चोथा चमच्यानं काढून कढीपत्त्याच्या बुडाशी टाकला. मोरीत टाकला असता तर मोरी तुंबली असती, एवढी अक्कल कुठून आली देव जाणे. मग दांड्याची चक्री फिरवून जाळी सोडवली. तिच्याखालची भोकांची चकती वेगळी केली, गोल स्प्रिंग वेगळी केली. प्रत्येक वस्तू कोमट पाण्यात बुडवून जुन्या दातांच्या ब्रशनं हळू घासली. तारेच्या काथ्याला हात लावला नाही, जाळी उसवते म्हणून. आणि शेवटी जाळी वर उन्हाला धरून एक डोळा मिटून बघितली.

"निघाली का?" सुभेदार विचारत होते. वेताच्या मोढ्यावर बसून, काठीवर दोन्ही हात ठेवून, समोर कुठंतरी बघत.

"कडंला राहिलंय थोडं," हे म्हणाले.

"मग घ्या परत. धरा उजेडाला."

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. माझ्या नवऱ्याला या माणसानं चक्क ऑर्डर्ली केलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे हे बोलत होते. ब्रश चालला होता आणि तोंडही चाललं होतं. पैठण गाडीतल्या कुठल्याशा म्हातारीचा किस्सा सांगत होते, सांगता सांगता हसले. तो किस्सा मी कधी ऐकला नव्हता. ते हसूही मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. त्या दिवशीच्या कुरडया जाड-बारीक झाल्या, लेकीनं पुण्यात तळल्यावर फोन करून विचारलंसुद्धा.

मी काही हातावर हात धरून बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी मीच कॉफी केली. आपल्याकडं लग्नात करतात तशी, आटवलेल्या दुधाची, वर जायफळ किसून. ह्यांनी ती प्यायली. "चांगली झाली," म्हणाले. मी वाट बघत बसले. हे कप खाली ठेवून इकडं-तिकडं बघायला लागले, हाताला काम नसलेल्या माणसासारखे. मग चपला घालून शेजारी गेले.

मग मी लेकीला सांगून तसलंच मशीन ऑनलाइन मागवलं. चांगलं नवं कोरं, स्टीलचा दांडा चकचकीत. म्हटलं, धुवायचीच हौस असेल तर घरात धुवा, मी समोर बसते. खोकं उघडलं, ह्यांनी मशीन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "सुभेदारांना दाखवून आणतो." गाडी पासिंगला न्यावी तसं माझं मशीन शेजारी नेलं. भिंतीपलीकडून सुभेदारांचा निकाल ऐकू आला. त्यांनी जाळीवरून नुसता अंगठा फिरवला असावा. "जाळी ढिली हाय. कडंनं गाळ वर येईल. वैनींना म्हनावं डाळ मोजायला बरं पडंल." आजही माझ्या फडताळात ते भांडं आहे आणि त्यात मी कधीही डाळ मोजलेली नाही.

या माणसाचं काहीतरी वाकडं दिसावं, दोघांचं कधीतरी वाजावं, म्हणून मी टपून होते. संधी आली ती सुभेदारांच्या थोरल्या बहिणीमुळं. भागूआक्का बोधेगावकडच्या त्यांच्या गावाहून घटस्थापनेच्या आधी आल्या. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं चिंधी-भांडं सगळं धुऊन निघतं. आक्कांनी भावाचं घर उपसून काढलं. त्यात त्यांना ते मशीन सापडलं. उभं भांडं, वर दांडा, खाली चकती. आक्कांनी काय समजायचं ते समजलं. आम्ही देशावरच्या बायका, दांडा वर-खाली होतो म्हटल्यावर दुसरं काय समजणार. त्यांनी विरजण ओतलं आणि ताक घुसळलं.

मी गच्चीवर पळाले. आता काय गहजब होतो ते बघायचं होतं. ज्या जाळीला साबणाचा वास लागू द्यायचे नाहीत, तिच्या भोकाभोकात लोणी. आक्का अभिमानानं म्हणत होत्या, "बंड्या, तुझी रवी लई ग्वाड हाय रं. लोनी बघ कसं वर आलं." साठी उलटलेल्या सुभेदाराला बंड्या म्हणणारं जगात तेवढंच माणूस उरलं होतं.

सुभेदारांनी ग्लासभर ताक प्यायलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आक्का, असलं ताक आईच्या हातचं हुतं." बस्स. नंतर आक्का वामकुक्षीला पडल्यावर ह्यांना हाक मारली. दोघांनी मिळून गरम पाण्यात खायचा सोडा टाकून सगळे भाग भिजत घातले, पाणी बदललं, परत भिजत घातले. काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग चढले होते तेही त्याच बैठकीत लिंबानं काढले. मग एकेक भाग मलमलीच्या फडक्यावर सुटा सुटा मांडला, कारण ओलं मशीन जोडून ठेवलं की कुबट वास धरतं. पुढं कितीतरी दिवस कॉफीला आंबूस वास येत होता आणि दोघं मुकाट्यानं पीत होते. आक्कांना मात्र कळू दिलं नाही. मला त्या दिवशी सुभेदारांचा राग आला तो ते रागावले नाहीत याचा. रागावले असते तर मला किती सोपं गेलं असतं.

दिवाळीत मात्र मी फुटले. पाडव्याला दारात मोठी रांगोळी काढली होती. पहाटेपासून बसून, कमरेचा काटा ढिला करून. सुभेदार फराळाचं आमंत्रण म्हणून पहिल्यांदाच आमच्याकडं आले. काखेत काठी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि सरळ माझ्या मोरावरून चालत आत. मोराचं मुंडकं बुटाला लागून घरात आलं. मी काही बोलणार, तर हेच माझ्यावर वसकले, "रस्त्यात कशाला काढायची रांगोळी." दार म्हणजे रस्ता. लग्नापासून आवाज न चढवलेला माणूस शेजाऱ्यासाठी माझ्यावर चढला. सुभेदार खुर्चीत बसून चिवड्याची तारीफ करत होते, खाली बघतसुद्धा नव्हते. मला तेव्हा त्या माणसाचा अतोनात मत्सर वाटला.

मग मी ठरवलं की समोरासमोर बोलायचं. हे लेकीकडं पुण्याला गेले होते. मी सकाळीच पदर खोचून सुभेदारांच्या मागच्या ओट्यावर गेले. ते एकटेच मशीन धूत होते. मी त्यांच्या पुढ्यात, लख्ख उन्हात उभी राहिले.

"कोन हाय?" ते म्हणाले.

"मी."

"वैनी का? बसा की."

"बसायला नाही आले. सुभेदारसाहेब, माझा माणूस मला परत द्या."

त्यांचा ब्रश थांबला. मी बोलत सुटले. म्हटलं, माझ्याशी चार शब्द बोलत नाही तो माणूस, आणि तुमच्या ओट्यावर पोपट होतो. म्हातारपणी नवऱ्याचं बोलणं ऐकावं एवढीच माझी इच्छा, ती तुम्ही पळवली. वर त्याच्याकडून भांडी घासून घेता. काय करणी केली तुम्ही त्याच्यावर? बोलताना माझा आवाज चिरकला, त्याचीही मला लाज वाटली नाही.

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातली जाळी माझ्यापुढं केली. "वैनी, निघाली का बघा जरा."

मला आणखीच चीड आली. जाळीच्या एका अंगाला बोटभर चोथा तसाच बसला होता. ओट्यावरही सगळीकडं सांडला होता. "दिसत नाही का तुम्हाला?" मी म्हटलं.

"न्हाई," ते म्हणाले.

मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. तोंड माझ्याकडं होतं, पण नजर माझ्या खांद्यावर कुठंतरी होती.

"काचबिंदू हाय. कडंचं सगळं गेलं. मधी नळीतनं बघितल्यावानी दिसतं, तेबी धुरकाट. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, गेली ती नजर परत येत न्हाई, हाय ती थेंब घालून टिकवायची." म्हणजे आमचे हे मधूनमधून 'नगरला काम आहे' म्हणून जायचे ते काम हे होतं. "संतोषला कळलं तर नेईल मला पुन्याला. पोरगं चांगलं हाय, नेईलच. तिथं चौथ्या मजल्यावर मला मोरी कुठं हाय ते चाचपायला वरीस जाईल. हितं सगळं हाताला पाठ हाय. म्हनून कंडक्टरसाहेबांना शपत घातली. वैनींनाबी सांगायचं न्हाई म्हनून."

एखादी चांगली बाई असती तर तिला तिथं रडू आलं असतं. मला आलं, नाही असं नाही, पण आधी काय वाटलं ते सांगते. एवढी मोठी गोष्ट माझ्या नवऱ्यानं पोटात ठेवली, आणि मला वासही लागू दिला नाही. माझा मत्सर कमी व्हायच्या ऐवजी दुणावला.

"आणि बोलतात काय एवढं तुमच्याशी?" मी विचारलं.

"ते त्यांचं त्यांनाच इचारा. पन एक सांगतो. मी त्यांच्याकडं बघत न्हाई. हात पान्यात, मान खाली, समोरचा बघत न्हाई. मानसाला बोलायला सोपं जातं."

मी जाळी घेतली आणि धुतली. उन्हाला धरून बघितली. सुभेदारांनी चाचपत दोन कप पुढं केले, सवयीनं दोन्ही भरून बशा झाकून ठेवलेले. कॉफी कडूजार आणि कोमट होती. मी तोंड वाकडं केलं ते त्यांना दिसलं नाही, तरी म्हणाले, "गूळ हाय डब्यात."

मला कळलंय हे मी ह्यांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्यापासून लपवलं होतं, मग मीही लपवलं. पण आता गच्चीवरून जे दिसायचं ते वेगळंच दिसायला लागलं. हे रोज पेपर मोठ्यानं का वाचतात ते कळलं. उकळतं पाणी हेच का ओततात ते कळलं. रविवारी संतोषचा व्हिडिओ कॉल आला की हे फोनच्या कडेला उभे राहून पडद्यावर डोकवायचे, फोनची मान सरळ करायचे आणि हळूच सांगायचे, "निळा शर्ट." लगेच सुभेदार ऐटीत म्हणायचे, "निळा शर्ट झ्याक दिसतो रं तुला." पोरगं पुण्यात खूश.

संतोषचा नंबर माझ्याकडं होता. अडीअडचणीला असावा म्हणून त्यानंच दिला होता. एक फोन केला असता तर सुभेदार आठवड्यात पुण्याला गेले असते आणि माझ्या सकाळी मला मिळाल्या असत्या. एका रविवारी फोन हातात घेऊन मी नाव काढलंसुद्धा. केला नाही. फार मोठ्या मनानं केला नाही असं कुणी समजू नये. सुभेदार गेले म्हणजे हे माझ्याशी बोलायला लागतील याची मला खात्री नव्हती. शेजारून निदान त्यांचा आवाज तरी ऐकू यायचा.

पण व्हायचं ते झालंच. एके सकाळी नळाला पाणी आलं. आमच्या शेवगावात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा, घरातला प्रत्येक माणूस हंडे-टिपाडं घेऊन उभा. हे पाइप धरून पुढच्या अंगणात अडकले होते, मी गच्चीवरच्या टाकीशी. तेवढ्यात सुभेदारांच्या मागच्या ओट्यावर एक माणूस येऊन उभा राहिला. संतोष होता. जवळपास कुठंतरी लग्नाला आला होता, न सांगता आला होता.

पावलं ऐकून सुभेदार म्हणाले, "या कंडक्टरसाहेब. आज उशीर केला. पानी आलं व्हय नळाला?"

बापाचा चेहरा संतोषकडंच होता.

"माझं निम्मं झालंय. घ्या, धरा उजेडाला."

संतोषनं जाळी घेतली. उन्हाला धरली. खूप वेळ धरून उभा राहिला. मग म्हणाला, "थोडं राहिलंय बापू, कडेला."

सुभेदारांचा हात हवेतच राहिला. मी वरून सगळं बघत होते आणि टाकी भरून वाहत होती.

संध्याकाळपर्यंत ठरलं की संतोष त्यांना घेऊन जाणार. हे शेजारून आले ते माझ्यासमोर उभे राहिले. "तू फोन केलास त्याला?"

"नाही."

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. पण फोन मी नाही केला."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. विश्वास बसला नव्हता. कसा बसणार, दोन वर्षं मी त्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होते ते काय ह्यांना ऐकू येत नव्हतं? खरं बोलून खोटं ठरायची पाळी माझ्यावर आली, तीही त्या सुभेदारापायी. त्यानंतर हे माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. शेजारी जाऊन सामान बांधायला मदत करत राहिले. मीही गेले, दशम्या करून दिल्या, कपडे घड्या करून दिले. आम्ही दोघं एका खोलीत वावरत होतो आणि सगळं बोलणं सुभेदारांच्या मार्फत चाललं होतं.

निघायच्या सकाळी गाडी रस्त्यावर उभी होती. संतोष डिकीत सामान लावत होता. हे आमच्या फाटकापाशी उभे, मी पायरीवर. सुभेदार घरातून निघाले ते कडक इस्त्रीचे कपडे घालून, मिशांना पीळ देऊन, काठी काखेत. ती आता हातात धरायला हरकत नव्हती, पण काखेतच होती. चालत गाडीपर्यंत आले, दाराला हात लावून अंदाज घेतला, आणि निरोप घ्यायला वळले. वळले ते आमच्याकडं नाही. आमच्या डावीकडं, रस्त्याच्या कडेला विजेचा खांब आहे, त्याच्याकडं तोंड करून ताठ उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि खांबाला कडक सॅल्यूट ठोकला.

संतोष डिकी बंद करून आता वर बघणार होता.

आमच्या ह्यांचे गुडघे असे, की देवळाच्या पायऱ्या नको म्हणून खालूनच हात जोडतात. तो माणूस पळाला. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या फाटकातच सोडून, अनवाणी, वाकडातिकडा पळाला आणि खांबापुढं जाऊन उभा राहिला. छाती पुढं काढून, सॅल्यूट आपल्यालाच केलाय अशा थाटात. माझ्यासाठी हे जन्मात कधी असे पळाले नाहीत. माझी आधी जळजळच झाली, खोटं कशाला सांगू.

"येतो कंडक्टरसाहेब," सुभेदार म्हणाले.

"या सुभेदार."

"वैनी कुठं हायेत?"

मी पायरीवर होते. तिथून ओ दिली असती तर आवाज भलत्या बाजूनं आला असता आणि आपण कुणीकडं तोंड करून उभे आहोत ते त्या माणसाला पोरासमोर कळलं असतं. मी तोंड मिटलं, पदर धरला आणि मीही पळाले. ह्यांच्या खांद्याला खांदा लावून खांबाला टेकले तेव्हा दम लागला होता.

"हितंच आहे की, ह्यांच्या शेजारी," मी म्हटलं.

"आवाज का असा?"

"सकाळपासून चुलीपुढं आहे. दशम्या सकाळीच खा, कडक होतील."

सुभेदार हसले. त्यांनी मला हात जोडले आणि या वेळी ते अगदी बरोबर माझ्याकडं तोंड करून होते. संतोषनं दार उघडलं. ते डोकं वाकवून आत बसले, काठी गुडघ्यांत धरली. गाडी सुरू झाली तेव्हाही त्यांचं तोंड खांबाकडंच होतं आणि आम्ही दोघं हलायला तयार नव्हतो.

गाडी नेवाशाच्या दिशेनं दिसेनाशी झाली. हे म्हणाले, "फोन तू नव्हता केला."

"नव्हताच केला."

"व्हय," हे म्हणाले.

आणि मग हे बोलायला लागले. तिथंच, अनवाणी, रस्त्याच्या कडेला. सुभेदारांची बायको कशी होती इथून सुरुवात केली, पलटणीतलं सांगितलं, नगरच्या दवाखान्यात ते डॉक्टरला काय म्हणाले ते सांगितलं. ऊन चढलं, रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले, तरी ह्यांचं सरेना. इतकं बोलणं मी ह्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्यातलं एक वाक्यसुद्धा माझ्याविषयी नव्हतं. सगळं सुभेदारांचंच. मी मधे तोंड घातलं नाही. ह्यांच्याकडं बघितलंही नाही. मान खाली घालून ऐकत राहिले.